तांदळात लिहिलेले नाव

गेल्या एप्रिलमध्ये माझ्या टेबलावर पुठ्ठ्याच्या चार पेट्या आल्या. ओहायोतल्या एका लहान कॉलेजच्या ग्रंथालयात जुनी कागदपत्रे सांभाळणे हे माझे काम आहे, त्यामुळे पेट्या येणे यात नवल नव्हते. पण त्या घेऊन आलेल्या दोन मुली पेट्या ठेवून लगेच गेल्या नाहीत. पोचपावतीवर सही करूनही त्या उभ्याच राहिल्या, आणि शेवटी एकीने विचारले, की आम्हाला या वह्या पुन्हा पाहाव्याशा वाटल्या तर परवानगी लागेल का. मी म्हटले, परवानगी कशाला, आता त्या कोणालाही पाहता येतील. 'कोणालाही' हा शब्द ऐकून तिचा चेहरा उतरला. मला माझी चूक लगेच कळली. आदल्या आठवड्यापर्यंत त्या वह्या तिच्या मंडळाबाहेरच्या एकाही माणसाच्या दृष्टीस पडलेल्या नव्हत्या.

ती कागदपत्रे एका लोकल सोरोरिटीची होती, म्हणजे जिची दुसरी शाखा कुठेही नाही, जी याच गावात जन्मली आणि याच गावात वाढली अशा संघटनेची. तिचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण नाव घेतले की त्या मुली ओळखू येतील. त्या महिन्यात ती एका राष्ट्रीय संघटनेची शाखा झाली, आणि जवळजवळ शंभर वर्षांचे तिचे दप्तर माझ्या ताब्यात आले.

आपल्याकडे गल्लोगल्ली भगिनी मंडळे असतात आणि सोरोरिटी या शब्दाचा अर्थही तोच आहे. लॅटिनमध्ये 'सोरोर' म्हणजे बहीण. सिरॅक्यूज विद्यापीठातले लॅटिनचे प्राध्यापक फ्रँक स्मॉली यांनी १८८२ साली गॅमा फाय बीटा या तिथल्या मुलींच्या संघटनेसाठी हा शब्द घडवला. त्याआधीच्या संघटना स्वतःला स्त्रियांची 'फ्रॅटर्निटी', म्हणजे बंधुमंडळ, म्हणवीत, आणि त्यांतल्या काही आजही तसेच म्हणवतात. आपल्या भगिनी मंडळात आणि यांच्यात मोठा फरक हा, की इथे वर्गणी भरून सभासद होता येत नाही. इथे दीक्षा असते, ती बंद दाराआड होते, तिचे शब्द बाहेर सांगायचे नसतात, आणि एकदा घेतलेली दीक्षा जन्मभराची मानली जाते. ही शेवटची गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे काही समजत नाही.

आज ज्यांना 'नॅशनल' म्हणतात त्या सगळ्या संघटना कधी ना कधी लोकलच होत्या. जॉर्जियातल्या मेकन गावी, मुलींना पदवी देणाऱ्या पहिल्या काही कॉलेजांपैकी एका कॉलेजात, १८५१ साली अॅडेल्फियन नावाची सोसायटी निघाली आणि पुढच्याच वर्षी तिच्या शेजारी फिलोमॅथियन निघाली. दोघीही पन्नासएक वर्षे त्या एका आवारातच नांदल्या. मग १९०४-०५ च्या सुमारास दोघींनी नावासाठी ग्रीक अक्षरे धारण केली आणि दुसऱ्या कॉलेजांत शाखा काढायला सुरुवात केली. फिलोमॅथियनची फाय म्यू झाली. अॅडेल्फियनने घेतलेले अल्फा डेल्टा फाय हे नाव मुलांच्या एका संघटनेचे आधीपासूनच होते, म्हणून १९१३ साली तिला पुन्हा नाव बदलावे लागले आणि ती अल्फा डेल्टा पाय झाली. इलिनॉयमधल्या मॉनमथ कॉलेजच्या बारा मुलींनी १८६७ साली काढलेली आय. सी. सोरोसिस मात्र पहिल्या दिवसापासून देशभर पसरण्याच्या इराद्यानेच निघाली होती. तिनेही १८८८ साली पाय बीटा फाय ही अक्षरे घेतली. व्हर्जिनियात फार्मव्हिल नावाचे एक छोटे गाव आहे. तिथल्या शिक्षिका घडवणाऱ्या एकाच शाळेतून १८९७ ते १९०१ या चार-पाच वर्षांत चार राष्ट्रीय सोरोरिटी निघाल्या. एका शाळेच्या ओसरीवर असे काय होते, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. माझा अंदाज असा, की घर सोडून पहिल्यांदाच बाहेर पडलेल्या आणि पुढे एकेकट्या गावोगाव शिकवायला जाणार असलेल्या मुलींना एकमेकींना धरून ठेवणारे काहीतरी हवे होते. सासरी गेलेल्या बहिणींचे माहेर असते तसे.

पसरण्याचे मार्ग दोन होते. एक, आपली एखादी सभासद नव्या कॉलेजात गेली की तिने तिथे चार मुली जमवून रोप लावायचे. दुसरा, तिथे आधीच उभी असलेली लोकल संघटना पोटात घ्यायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुसरा मार्ग फार चालला, इतका की पुष्कळ लोकल या 'उद्या आपल्याला एखादी नॅशनल घेईल' या आशेवरच निघत. त्यासाठी अर्ज करायचा असे आणि तो साधा अर्ज नसे. छापून, बांधून घेतलेली पुस्तिका असे. कॉलेजच्या इमारतींची छायाचित्रे, सभासद मुलींची छायाचित्रे, प्रत्येकीची गुणपत्रिका, कॉलेजच्या अध्यक्षांची आणि गावातल्या प्रतिष्ठित मंडळींची शिफारसपत्रे, असे सगळे त्यात येई. स्थळ दाखवताना मुलीचा फोटो, पत्रिका आणि मामाची ओळख पाठवतात, त्याचीच मला त्या पुस्तिका पाहताना आठवण होते.

माझ्याकडे आलेल्या दुसऱ्या पेटीत अशी एक पुस्तिका होती, १९३० च्या दशकातली. तिच्यासोबत नकाराचे पत्रही टाचलेले होते, दोन ओळींचे. कारण दिलेले नव्हते, पण ते ओळखणे अवघड नाही. तेव्हा हे कॉलेज शिक्षिका घडवणारे होते. राष्ट्रीय सोरोरिटींची जी मुख्य परिषद, नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स, १९०२ साली शिकागोत स्थापन झाली, तिच्या संघटनांनी अशा शाळांना आपल्या पंक्तीला घेतले नव्हते. शिक्षिका-कॉलेजांत काम करणाऱ्या सोरोरिटींना आपली वेगळी परिषद काढावी लागली, आणि ती १९४७ साली मुख्य परिषदेत विलीन होईपर्यंत ही पंक्तिभेदाची रेघ तशीच राहिली.

नकाराचे ते पत्र मुलींनी फाडले नाही, हे मला विशेष वाटते. त्यांनी ते जपले, आणि पुढच्या सभेचे इतिवृत्त नेहमीसारखे लिहिले: कोणाकडे चहा, कोणाला पाच सेंट दंड, नव्या मुलींच्या दीक्षेसाठी मेणबत्त्या कोणी आणायच्या. हस्ताक्षर वळणदार, बाईंचे फळ्यावर असते तसे.

आता हे सगळे कसे चालते, ते मी गेल्या दोन वर्षांत जवळून पाहिले, कारण त्या मुलींनी मला सल्लागार म्हणून बोलावले होते. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्समध्ये तेव्हा २६ संघटना होत्या. परिषद कोणालाही चार्टर, म्हणजे शाखेची सनद, देत नाही. चार्टर देते ती त्या २६ पैकी एखादी संघटना. परिषद फक्त नियम आणि क्रम ठरवते. आमच्या आवारात आधीच दोन राष्ट्रीय शाखा होत्या, म्हणून पहिले मतदान त्यांचे झाले, की इथे तिसरीला जागा आहे का. मग तशी घोषणा झाली, इच्छुक संघटनांनी आपली माहिती पाठवली, त्यांतल्या तिघींना बोलावले. प्रत्येकीच्या प्रतिनिधी जवळच्या शहरांतल्या आपल्या जुन्या सभासदांना घेऊन आल्या, पडद्यावर चित्रे दाखवली, प्रश्नांना उत्तरे दिली. आमच्या मुली एकोणीस होत्या. त्यांनी पहिल्या दिवशी शिष्यवृत्त्या विचारल्या, दुसऱ्या दिवशी दर सत्राची फी विचारली, आणि तिसऱ्या दिवशी, बराच वेळ कोणी बोलेना तेव्हा, एकीने विचारले, 'आमच्या गाण्यांचे काय होईल?'

या प्रश्नाला त्या दिवशी आलेल्या प्रतिनिधी बाईंनी सरळ उत्तर दिले, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. त्या म्हणाल्या, की आठवणीच्या कार्यक्रमात तुम्ही ती म्हणू शकाल, पण शाखेची गाणी आमची असतील.

मराठी माणसाला इथे गफलत होण्याचा संभव आहे, म्हणून थोडे थांबते. अमेरिकेतली महाराष्ट्र मंडळे १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेली आहेत. आमच्या गावचे मंडळही आहे. पण त्या जोडण्यात मंडळाचे नाव राहते, घटना राहते, गणपती कोणत्या शनिवारी बसवायचा ते मंडळच ठरवते. तो संघ आहे. परिषदेशी त्या २६ संघटनांचे नाते साधारण असेच आहे. पण लोकल सोरोरिटी जेव्हा त्यांतल्या एकीत जाते, तेव्हा संघ होत नाही. लोकल विसर्जित होते. तिची अक्षरे, तिची पिन, तिची दीक्षा, तिचे रंग, सगळे थांबते, आणि त्या मुलींना नव्या संघटनेच्या नव्या सभासद म्हणून अगदी पहिल्या पायरीपासून घेतले जाते. तीन वर्षे सभासद असलेली, अध्यक्षपद सांभाळलेली मुलगीही तिथे नवखीच असते. मधल्या काळात मुख्य कार्यालयाने पाठवलेल्या, स्वतः नुकत्याच पदवीधर झालेल्या एक-दोन मुली सूटकेस घेऊन आवारात राहायला येतात आणि सगळे शिकवतात. या मधल्या अवस्थेला पूर्वी सर्रास 'कॉलनी' म्हणत. आता पुष्कळ संघटनांनी तो शब्द टाकला आहे आणि टाकला ते योग्यच झाले. वसाहत म्हणवून घेण्यात काय दुखते ते आपल्याला सांगायला नको. पुरेशा मुली, पुरेसे गुण आणि स्वच्छ हिशेब दाखवले की शेवटी दीक्षा होते, चार्टर वाचले जाते, आणि शाखेला वर्णमालेच्या क्रमाने दोन अक्षरांचे नाव मिळते, जे तिने निवडलेले नसते. त्यानंतर त्या मुलींना उरलेल्या २५ संघटनांचे दार जन्मभरासाठी बंद होते.

मी हा सौदा वाईट म्हणत नाही. एकोणीस मुलींच्या संघटनेला आज एकटीने जगणे फार कठीण आहे. कॉलेज विम्याचा कागद मागते. एखाद्या कार्यक्रमात कोणी पडले, कोणाला काही झाले, तर जबाबदारी कोणाची हा प्रश्न वीस वर्षांच्या खजिनदार मुलीने एकटीने सोडवायचा नसतो. राष्ट्रीय संघटनेकडे वकील असतात, विमा असतो, शिष्यवृत्तीचा निधी असतो, नव्या मुलींचा छळ झाला तर तक्रार ऐकणारे कोणीतरी गावाबाहेरचे असते. आणि नोकरीसाठी डेन्व्हरला किंवा अटलांटाला गेलेल्या मुलीला तिथे पहिल्या आठवड्यात जेवायला बोलावणारी एखादी बाई असते. अनोळखी देशात पहिल्या वर्षी मला कोणी जेवायला बोलावले होते, ते मी अजून विसरलेली नाही.

पण वरच्या हाताच्या इच्छेपुढे शाखेचे काही चालत नाही, याचीही उदाहरणे इतिहासात आहेत. १९५६ साली कॉर्नेल आणि टफ्ट्स इथल्या सिग्मा कापाच्या शाखांनी कृष्णवर्णीय मुलींना घेतले, आणि त्याच उन्हाळ्यात राष्ट्रीय संघटनेने त्या दोन्ही शाखा आपल्यापासून तोडल्या. न्यू यॉर्कच्या राज्य विद्यापीठाने तर १९५३ सालीच उलटा मार्ग धरला होता: आपल्या आवारांतल्या सामाजिक संघटनांनी कोणत्याही राष्ट्रीय संघटनेशी संबंध ठेवू नये आणि वंश, धर्म पाहून कोणाला नाकारू नये, असा ठराव त्याने केला. प्रकरण न्यायालयात गेले आणि विद्यापीठ जिंकले. तिथल्या अनेक नॅशनल शाखांना लोकल व्हावे लागले. डार्टमथमध्ये १९७७ साली निघालेली पहिली सोरोरिटी ही सिग्मा कापाचीच शाखा होती. राष्ट्रीय विधीतले काही शब्द आपल्याला मनापासून उच्चारता येत नाहीत म्हणून १९८८ साली त्या मुली बाहेर पडल्या, आणि आज ती सिग्मा डेल्टा या नावाने स्वतंत्र आहे. आणि डीपॉ विद्यापीठात डेल्टा झीटाच्या राष्ट्रीय अधिकाऱ्यांनी २००६ च्या अखेरीस मुलाखती घेऊन पस्तीसपैकी तेवीस मुलींना घर सोडायला सांगितले, तेव्हा विद्यापीठानेच पुढच्या वर्षी त्या संघटनेशी संबंध तोडले. बहीण म्हणून घेतलेल्या मुलीला बहीणपणातून काढण्याचा अधिकार दूरच्या कार्यालयात असतो, ही गोष्ट सही करण्याआधी मुलींना माहीत असली पाहिजे, आणि मी त्यांना ती सांगितली.

ज्यांना दारातच अडवले त्यांनी आपली घरे बांधली. हॉवर्ड विद्यापीठात १९०८ साली अल्फा कापा अल्फा उभी राहिली, आणि कृष्णवर्णीयांच्या संघटनांची वेगळी परिषद तिथेच १९३० साली झाली. आपल्या मुलींचीही अशीच गोष्ट आहे. १९९८ या एकाच वर्षी ऑस्टिनला कापा फाय गॅमा, ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा आणि न्यू यॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठात सिग्मा सिग्मा ऱ्हो अशा दक्षिण आशियाई मुलींच्या तीन सोरोरिटी निघाल्या. तिन्ही एकेका आवारात जन्मल्या आणि थोड्याच वर्षांत राष्ट्रीय झाल्या. आमच्या मंडळातल्या एका मैत्रिणीची मुलगी त्यांतल्या एकीत आहे. तिच्या दिवाळीच्या फराळाला तिच्या 'बहिणी' येतात, पंजाबी, तमिळ, गुजराती, सिंहली, आणि चकल्यांचा डबा बघता बघता रिकामा होतो. मेकनच्या मुलींना जो प्रवास करायला पन्नास वर्षे लागली, तो या मुलींनी काही वर्षांत केला.

मतदान झाले. सोळा बाजूने, तीन विरुद्ध. विरोधातल्या तिघींनीही पुढे दीक्षा घेतली.

जुन्या सभासदांनाही पत्रे गेली, की ठरावीक मुदतीत तुम्हालाही राष्ट्रीय संघटनेत दीक्षा घेता येईल. पुष्कळ जणी आल्या, काही आयोवाहून आणि फ्लोरिडाहून, नातवंडांना घेऊन. पासष्टीच्या बायका पांढरे कपडे घालून तरुण मुलींच्या रांगेत उभ्या राहिल्या, हे मी बाहेरच्या ओसरीवरून पाहिले; आत मला जाता येत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा होता. पण एक आजी आल्या त्या थेट ग्रंथालयात आल्या. वय नव्वदीला टेकलेले. त्यांनी पर्समधून हातरुमालाची घडी काढली आणि उलगडली. आत पिन होती, नखाएवढी, तीन अक्षरांची. मागचा आकडा कधीतरी तुटला असावा, त्यावर डाग देऊन तो पुन्हा बसवलेला होता आणि डागाचा करडा ठिपका सोन्याच्या मुलाम्यावर स्पष्ट दिसत होता. त्या म्हणाल्या, 'मी दीक्षा एकदा घेतली आहे. दुसऱ्यांदा शपथ घेतली तर पहिली खोटी होती असे होईल.' मग त्यांनी १९५७ ची वही मागितली आणि त्यातले एक पान मला दाखवले. त्या वर्षी एका राष्ट्रीय संघटनेने या मुलींना आपणहून विचारले होते. तिच्या फॉर्मात सभासदांचा धर्म आणि वंश लिहायला रकाना होता. इतिवृत्तात एकच वाक्य आहे: 'हा फॉर्म न भरता परत पाठवावा असे एकमताने ठरले.' खाली सह्या आहेत, त्यांतली चौथी आजींची.

मला त्या रात्री माझे लक्ष्मीपूजन आठवले. कोल्हापूरला, १९९१ साली, ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने माझे नवे नाव लिहिले गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले, आणि कोणीतरी ताट उचलले तसे तांदूळ सरकून नाव पुसले गेले. मी ते नाव गेली कितीतरी वर्षे लावते आहे, त्या नावाने मला मुले झाली, नोकरी मिळाली, माझे या नावावर प्रेम आहे. पण माझ्या आजीने शेवटपर्यंत मला जुन्याच नावाने हाक मारली, आणि तिच्या मागे त्या नावाला ओ देण्याचा प्रसंग माझ्यावर आला नाही. मला त्या ताटाआधी कोणी विचारले असते, की जुन्या नावाचे काय करायचे, तर मी काय म्हटले असते ते मला सांगता येत नाही. विचारायला मात्र हवे होते.

म्हणून मी त्या एकोणीस मुलींना मतदानाच्या आधी विचारले. नॅशनलच्या फीचा आणि फायद्यांचा त्यांनी खूप विचार केला होता, पण आपल्या वह्यांचा केला नव्हता. वह्या मुख्य कार्यालयाकडे जातील, नाहीतर कोणाच्या तरी गॅरेजमध्ये राहतील, असेच त्यांनी धरले होते. मी म्हटले, करार करताना एक कलम घाला, की जुने दप्तर कॉलेजच्या ग्रंथालयात राहील, आणि जुन्या दीक्षेचा मजकूर शेवटची सभासद हयात असेपर्यंत मोहोरबंद राहील. ते कलम कोणीही नाकारले नाही. लोकल संघटना विसर्जित होणार असेल, तर तिच्या मुलींनी निदान एवढे मागावे, असे मला कळकळीने वाटते. ते लाखेने बंद केलेले पाकीट आता चौथ्या पेटीत आहे आणि ते मी उघडणार नाही.

उरले होते ते नोंदणीचे काम. ग्रंथालयाच्या नियमात माणसाचे नाव बदलले तर त्याची नोंद एकच राहते: एक नाव वर, बाकीची त्याखाली, शोधणाऱ्याने कोणतेही घातले तरी तो त्याच माणसापाशी पोहोचतो. संस्थेचे तसे नाही. संस्थेने नाव बदलले की जुन्या नावाची एक नोंद आणि नव्या नावाची दुसरी, अशा दोन स्वतंत्र नोंदी कराव्या लागतात, आणि दोन्हींत परस्परांचा पत्ता द्यावा लागतो, एकीत 'पुढचे नाव', दुसरीत 'आधीचे नाव'. मी जुन्या नावाची नोंद आधी केली. स्थापनेचे वर्ष लिहिले, विसर्जनाचे वर्ष लिहिले, चार पेट्या, अकरा वह्या, एक अर्ज-पुस्तिका, गाण्यांचे टंकलिखित कागद. शेवटच्या ओळीत लिहिले: पिन एक, आकडा दुरुस्त केलेला.

पेटीचे झाकण लावण्याआधी मी परवानगी विचारणाऱ्या त्या मुलीला फोन केला आणि सांगितले, की नोंद तयार आहे, येऊन नाव बरोबर लिहिले आहे का ते पाहून जा. ती पाचच मिनिटांत आली. तिच्या अंगावर नव्या अक्षरांचा सदरा होता. तिने पडद्यावरची जुनी तीन अक्षरे बोट लावून एकेक वाचली, आणि म्हणाली, 'बरोबर आहे.'